स्टेरॉईड मलमाच्या दीर्घ वापरानंतरची विचर्चिका : पातळ झालेली त्वचा व चिकित्साक्रम

विचर्चिकेचा रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात रोगाच्या आरंभी क्वचितच येतो. त्यापूर्वी एक, दोन, कधी दहा वर्षे त्याने कोणते ना कोणते मलम लावलेले असते. ते प्रथम एखाद्या डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी लिहिलेले असते. पुढे रिकामी ट्यूब दाखवून रुग्ण दर महिन्यास औषधाच्या दुकानातून तेच नेत राहतो. पुष्कळदा आरंभीची चिठ्ठीही नसते. शेजाऱ्याच्या नायट्याला गुण आला एवढ्या आधारावर मलम घरात शिरलेले असते. असा रुग्ण आपल्यासमोर बसतो तेव्हा त्याला दोन व्याधी असतात : एक मूळचे इसब, आणि दुसरी औषधाने निर्माण केलेली त्वचेची विकृती. ग्रंथोक्त कुष्ठचिकित्सा पहिल्या व्याधीसाठी सांगितलेली आहे. ती जशीच्या तशी दुसऱ्या व्याधीवर योजल्यास अपाय होतो. तो कसा टाळावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नवी मुंबईच्या परिसरात या रुग्णांची वाण नाही. रबाळे, महापे, तुर्भे व तळोजा येथील कारखान्यांत यंत्रतेल, द्रावके व डिटर्जंट हाताळणारे कामगार. इमारतींच्या बांधकामावर ओल्या सिमेंटमध्ये उभे राहणारे मजूर. वाशीच्या बाजार समितीत लसणाच्या व कांद्याच्या गोणी उचलणारे माथाडी. चार घरी भांडी-कपडे करणाऱ्या स्त्रिया. ऐरोली-घणसोलीच्या कार्यालयांत रात्रपाळी करणारी तरुण मंडळी. या सर्वांच्या त्वचेवर खाडीकाठची दमट हवा वर्षातील बहुतेक महिने घामाचे ओझे टाकते. सिमेंटमधील क्रोमेट आणि लसणातील गंधकयुक्त द्रव्ये यांमुळे होणारे हातांचे इसब प्रसिद्धच आहे. हेतु चालू असतो, मलम लक्षण दाबते, मलम थांबले की लक्षण उसळते. मग मलम पुन्हा सुरू होते.

मलम त्वचेवर काय करते

हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील स्थानिक उपयोग १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर व विटेन यांनी प्रसिद्ध केला. त्यापूर्वी इसबाच्या रुग्णाला डांबराचे लेप व ओल्या पट्ट्या याखेरीज फारसे काही मिळत नसे. म्हणून या औषधाचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. पुढे त्याच कुळातील अधिकाधिक तीव्र द्रव्ये निघत गेली व सत्तरच्या दशकात क्लोबेटॅसॉल आले. त्याची तीव्रता हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट मानली जाते. तरीही आपल्याकडे दोन्हींना ‘खाजेचे मलम’ हे एकच नाव आहे. घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

हे द्रव्य सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा संकोच करते, त्यामुळे लाली जाते. शोथ उत्पन्न करणाऱ्या पेशींचे कार्य ते रोखते, त्यामुळे खाज थांबते. परंतु त्याच वेळी ते बाह्य त्वचेच्या पेशींची वाढ मंदावते आणि खालच्या थरातील तंतू उत्पन्न करणाऱ्या पेशींना कोलॅजेन निर्माण करू देत नाही. त्वचेला फुगीर व ओलसर ठेवणारे द्रव्यही घटते. तीव्र मलमाने बाह्य त्वचेचा थर पातळ होण्यास थोडे आठवडेही पुरतात. हा पातळपणा औषध थांबल्यावर बराचसा भरून येतो. मात्र वापर महिनोन्‌महिने चालला की आतल्या थराचा आधार जातो. सूक्ष्म शिरा वर दिसू लागतात, किंचित धक्क्याने निळे डाग उमटतात, त्वचा चकचकीत व सुरकुतलेल्या पातळ कागदासारखी होते आणि जांघेत, काखेत, मांडीवर चिरा पडतात. या चिरा कायमच्या असतात. काळाने फिकट होतात, नाहीशा होत नाहीत. रुग्णास हे पहिल्याच भेटीत सांगावे.

सर्व ठिकाणची त्वचा हे औषध सारखे शोषत नाही. फेल्डमन व मेबाख यांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोनचे जे मापन केले, त्यात अग्रबाहूच्या त्वचेतील शोषण १ धरले तर कपाळावर ते ६, जबड्याच्या कोनावर १३, वृषणाच्या त्वचेवर ४२ आणि तळपायावर केवळ ०.१४ आढळले. म्हणजे तळपायाच्या जाड इसबावर जे मलम महिनाभर निभावते, तेच जांघेत आठवड्याभरात घात करू शकते. आपल्या भागातील रुग्ण मात्र एकच ट्यूब दोन्हीकडे लावतो.

१९७९ साली क्लिगमन व फ्रॉश यांनी या मलमांच्या ‘व्यसना’चे वर्णन केले. मलम थांबवताच काही दिवसांत दबलेल्या रक्तवाहिन्या विस्फारतात, त्वचा लाल होते, आणि खाजेपेक्षा दाह प्रबळ असतो. मूळ इसब नव्हते त्या जागेवरही लाली पसरते. चेहऱ्यावरील अशा विकृतीला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ पासून स्वतंत्र नाव दिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा भारतीय केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारींच्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉईड मलम लावीत होते, आणि त्यांतील ३९२ जणांना त्याचे दुष्परिणाम झालेले होते. निम्म्याहून अधिक जणांना हे मलम डॉक्टरांव्यतिरिक्त कोणीतरी सुचवलेले होते. कित्येकांनी ते गोरेपणासाठी लावले होते, इसबाचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनेही २०२१ साली मलम थांबवल्यानंतरच्या या प्रतिक्रियेविषयी सावधगिरीची सूचना काढली. तिचे स्वरूप व प्रमाण याबाबत त्वचारोगतज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ज्याने असा एक रुग्ण पाहिला, तो तिच्या अस्तित्वाविषयी वाद घालणार नाही.

आधी ही विचर्चिका आहे काय?

चरकाचार्यांनी अकरा क्षुद्रकुष्ठांत विचर्चिकेची गणना केली असून कंडू, श्याववर्णी पिडका व बहुस्राव ही तिची लक्षणे मानली. सुश्रुताचार्यांनी रेखा, अतिकंडू, वेदना व रूक्षता यांवर भर दिला. स्रावी व शुष्क अशी इसबाची दोन्ही रूपे या दोन वर्णनांत येतात. परंतु स्टेरॉईडने ही लक्षणे पुसून टाकलेली असतात. विशेषतः दद्रु, म्हणजे नायटा, या मलमाखाली आपले रूप बदलतो. त्याची उचललेली गोल कड नाहीशी होते, मधला भाग लाल राहतो, पसारा कमरेपासून मांडीपर्यंत जातो आणि पाहणाऱ्याला ते इसब वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात बुरशीचा जो हट्टी प्रकार पसरला आणि ज्याला २०२० साली भारताचेच नाव मिळाले, त्याच्या प्रसारात या मलमांचा हात मोठा आहे असे मानले जाते.

म्हणून जांघ, कंबर, नितंब व चेहरा येथील प्रत्येक ‘जुन्या इसबा’ची कड खरवडून पोटॅश द्रावणाची तपासणी करून घ्यावी. ती स्वस्त आहे व थोड्या वेळात होते. नुकतेच मलम लावलेले असेल तर बुरशी विपुल दिसते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतील पुरळ आणि घरात आणखी कोणास तीच तक्रार असेल, तर पामा, म्हणजे खरूज, आठवावी. मिश्र मलमांतील निओमायसिनची स्वतःचीच अॅलर्जी पुष्कळांना असते. ‘मलमाने बरे वाटायचे, आता त्यानेच चिघळते’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा ही शक्यता धरावी.

इतिहास घेताना ‘कोणते मलम?’ एवढ्या प्रश्नाने भागत नाही. सर्व ट्यूबा, बाटल्या व पुड्या पिशवीत घालून आणावयास सांगावे. त्यांत पुष्कळदा एक ‘जडीबुटीचे’ मलम निघते; त्याविषयी शेवटी लिहू. महिन्याला किती ट्यूबा लागतात हे विचारावे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते व ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या क्षेत्राला पुरते. क्लोबेटॅसॉल सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्यास ५० ग्रॅमहून अधिक वापरू नये, ही त्याच्या उत्पादकांचीच मर्यादा आहे. दिवसाला केवळ २ ग्रॅम वापरानेही शरीराची स्वतःची स्टेरॉईडनिर्मिती दबल्याचे आढळले आहे. म्हणजे पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपवणारा रुग्ण आपण ‘केवळ बाह्य औषध घेणारा’ समजू नये. पोटातून गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली होती का, हेही त्याच वेळी विचारावे.

संप्राप्तीचा विचार

कुष्ठात तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसीका ही चार दूष्ये यांची दुष्टी असते. रोग बहुदोषज असल्याने शोधन हाच त्याचा पाया आहे. सुश्रुताने पंधरवड्याने वमन, महिन्याने विरेचन, तीन दिवसांनी नस्य व सहा महिन्यांनी रक्तमोक्षण असा क्रम दिला आहे. तो क्रम आपल्या सर्वांच्या मनावर इतका ठसलेला आहे, की विचर्चिका म्हटले की हात वमनाच्या तयारीकडे वळतो.

परंतु स्टेरॉईडने झिजलेल्या त्वचेत दूष्यच क्षीण झालेले आहे. सुश्रुताच्या सात त्वचांचा क्रम येथे उपयोगी पडतो. व्रीहीच्या अठराव्या भागाएवढी अवभासिनी सर्वांत वर. तिच्याखाली लोहिता व श्वेता. चौथी ताम्रा, जी किलास व कुष्ठाचे अधिष्ठान. आणि पाचवी वेदिनी, कुष्ठ व विसर्पाची. मलमाने पहिल्या थरांची जाडी हरपते, खालचे रक्तवहन उघडे पडते आणि स्पर्शासही दाह होतो. आमच्या मते ही अवस्था वात-पित्तप्रधान, रक्त व मांस यांच्या क्षयाने युक्त अशी मानावी. रूक्षता, पातळपणा व चिरा हे वाताचे; दाह, राग व उष्णासहत्व हे पित्ताचे. मूळ विचर्चिकेतील कफ व क्लेद आत आहेतच, पण ते दुसऱ्या पायरीचे काम आहे. चरकानेही कुष्ठात वारंवार शोधन सांगताना रुग्णाचे प्राण राखावयास बजावले आहे, आणि दोष अतिप्रमाणात काढल्यास दुर्बल झालेल्या रुग्णास वायू घातक ठरतो असे म्हटले आहे. मलमाने थकलेल्या रुग्णास हे वचन अक्षरशः लागू पडते.

येथे एका रूढ समजुतीचा निर्देश करणे भाग आहे. मलम एकदम बंद करावयास लावायचे, आठ-दहा दिवसांत सर्वांग लाल होऊन पाझरू लागले की ‘आत दबलेला दोष बाहेर पडतो आहे, घाबरू नका’ असे सांगायचे, ही पद्धत काही चिकित्सालयांत चालते. आम्हांस ती मान्य नाही. ती लाली बरीचशी विस्फारलेल्या रक्तवाहिन्यांची असते. तिला दोषनिर्हरण म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही, कारण निर्हरणानंतर लाघव यावे लागते. येथे निद्रानाश, ज्वर व बलहानी येते. रुग्ण विश्वासाने सोसतो आणि पंधराव्या दिवशी रात्री गुपचूप पुन्हा तेच मलम आणतो. आता ते तो पूर्वीपेक्षा अधिक लावतो.

मलम कसे सोडवावे

रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, मला स्टेरॉईड नकोच, म्हणून तर तुमच्याकडे आलो.’ त्याची इच्छा योग्य आहे, घाई योग्य नाही. ज्याने तीव्र मलम काही महिने लावले आहे, त्याचे मलम पायरीपायरीने उतरवावे व ते शक्यतो त्वचारोगतज्ज्ञांच्या सहकार्याने करावे. सर्वसाधारण क्रम असा, की अतितीव्र मलमाच्या जागी मध्यम तीव्रतेचे आणावे, दिवसातून एकदाच, ठरलेल्या मापाने, दोन आठवड्यांनी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, नंतर बंद. चेहरा, जांघ व काख येथे प्रथमपासूनच सौम्य द्रव्य असावे. प्रत्येक पायरीवर त्वचा स्थिर झाल्याखेरीज खाली उतरू नये. बुरशी सिद्ध झाली असेल तर मात्र स्टेरॉईड थांबवणे व बुरशीची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात.

हे लिहिताना काही वैद्यबांधवांच्या कपाळावर आठी पडेल याची आम्हांस कल्पना आहे. आयुर्वेदाच्या नियतकालिकात मलमाचा उतरता क्रम कशासाठी? रुग्ण ज्या अवस्थेत येतो त्या अवस्थेची चिकित्सा आपणांस करावयाची असते, म्हणून. सात्म्य झालेली अपथ्य वस्तूही एकदम न सोडता पादांशाने सोडावी हा नियम चरकानेच सूत्रस्थानात घालून दिलेला आहे.

स्थानिक चिकित्सा

या अवस्थेत बाह्य औषधाची निवड ही खरी कसोटी. कुष्ठाधिकारातील बहुतेक लेप लेखन व तीक्ष्ण आहेत, कारण ते जाड, घट्ट, कफाने माखलेल्या त्वचेसाठी योजलेले आहेत. मरिच, चित्रक, करंज, एडगज, मोरचूद, मनःशिला, गोमूत्रात खललेले चूर्ण यांतील काहीही पातळ त्वचेवर लावू नये. बाकुची विशेषत्वाने वर्ज्य करावी. तिच्यावर ऊन पडले की फोड येतात, आणि पातळ त्वचेत ते सहज येतात. मोहरीचे तेल नको. उटणे, डाळीचे पीठ, कडुनिंबाच्या पाल्याने चोळून आंघोळ हे सर्व बंद. त्वचा घासू नये, एवढा एक नियम पाळला गेला तरी निम्मा दाह उतरतो.

शतधौत घृत येथे प्रथम स्मरावे. गाईचे ताजे तूप तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा धुवून पांढरे, हलके व गंधरहित झालेले असावे. ते दाह शमवते व सुटलेला ओलावा धरून ठेवते. बाजारी शतधौत घृतापेक्षा थोडे-थोडे स्वतः करून शीतकपाटात ठेवणे बरे. त्यात पाणी अडकून राहते, म्हणून ते लवकर बिघडते, आणि खवट झालेले तूप पातळ त्वचेला झोंबते. आंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच दिवसातून तीन-चार वेळा पातळ थर द्यावा. हिवाळ्यात ते उत्तम. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात मात्र जाड स्निग्ध थराखाली घाम कोंडून केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. जून ते सप्टेंबर शुद्ध खोबरेल अगदी थोड्या प्रमाणात लावणे, किंवा तूप केवळ रात्री लावणे सोयीचे. यष्टिमधुसिद्ध घृत व दूर्वासिद्ध तेल यांचा अनुभवही चांगला आहे. जात्यादि तेल किंवा घृत चिरलेल्या जागेपुरते वापरावे. त्यात तुत्थ असल्याने ते विस्तृत क्षेत्रावर पसरवू नये.

पाझरणाऱ्या जागेवर तूप वा तेल लावू नये. तेथे पंचवल्कल किंवा त्रिफळेचा काढा पूर्ण थंड करून, गाळून, स्वच्छ सुती फडके भिजवून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. असे दिवसातून दोन-तीनदा. स्राव आटला की काढा लगेच थांबवावा. त्यांचा कषाय रस शुष्क त्वचेला आणखी ओढतो, आणि मग रुग्ण ‘काढ्याने भेगा पडल्या’ म्हणतो ते खरेच असते. काढा रोज ताजा करावा. पिवळी खपली, पू किंवा दुर्गंध दिसल्यास हा केवळ क्लेद नव्हे, जंतुसंसर्ग आहे.

जळवा लावण्याविषयी उत्साह फार आहे. जाड, काळवंडलेल्या, सुस्थिर विचर्चिकेत त्यांचा उपयोग आम्हीही करतो. पण पातळ, शिरा दिसणाऱ्या त्वचेवर जळूचा दंश भरून येण्यास विलंब लागतो व रक्तस्राव लांबतो. अशा जागी जळू लावू नये. अभ्यंग-स्वेदनाबाबतही तसेच. स्वेदनपेटी या रुग्णास दूरच ठेवावी.

आभ्यंतर चिकित्सा

आरंभी तिक्त रस व घृत यांचा संयोग हवा. पंचतिक्त घृत किंवा महातिक्तक घृत, शमनमात्रेत ५ ते १० मि.ली., सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्याबरोबर. अग्नी मंद असेल तर आधी काही दिवस दीपन-पाचन. त्याबरोबर मंजिष्ठा, सारिवा, गुडूची व यष्टिमधु यांचा क्वाथ. रक्तदाब असलेल्या किंवा पायांवर सूज असलेल्या रुग्णात यष्टिमधु पोटातून देऊ नये. ते शरीरात मीठ व पाणी धरून ठेवते, आणि स्टेरॉईडने हे काम आधीच थोडेफार केलेले असू शकते. आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन यांसारखे कल्प या टप्प्यावर आम्ही मागे ठेवतो. रसकल्प द्यायचेच असतील तर मर्यादित काळ, आणि यकृत-वृक्कांची तपासणी करून.

शोधन दुसऱ्या टप्प्यात. स्टेरॉईड पूर्ण थांबून किमान सहा-आठ आठवडे त्वचा शांत राहिली, भूक व झोप परत आली, वजन घटणे थांबले, म्हणजे मृदु विरेचनाचा विचार करावा. शरद ऋतू त्यास अनुकूल. वमन केवळ बलवान, कफाधिक रुग्णात, वसंतात.

पथ्याच्या बाबतीत आपण अनेकदा अति करतो. चरकाने सांगितलेली कुष्ठाची कारणे, म्हणजे मासे व दूध एकत्र, नवे धान्य, दही, अति मीठ-आंबट, उडीद, तीळ-गूळ, दिवास्वाप, वेगधारण, ही रुग्णाच्या आहारात शोधावीत व जी सापडतील ती काढावीत. आगरी-कोळी घरांतील सुके बोंबील, सुकट व खारे मासे थांबवणे योग्य. परंतु ज्याचा मांसधातू क्षीण आहे अशा कष्टकऱ्याला सहा महिने मूगभातावर ठेवून त्वचा भरून येण्याची अपेक्षा धरणे तर्कविसंगत आहे. मूग, मसूर, दूध, तूप, पडवळ, दुधी, भाजलेली जुनी ज्वारी यांबरोबर मांसाहारी रुग्णास ताजा, कमी मसाल्याचा आहार आम्ही चालू ठेवतो. रात्रपाळीवाल्यास पाळी बदलून मिळत नसेल, तर सकाळी जेवण्यापूर्वी थोडी झोप घ्यावयास सांगावे.

हेतुत्याग विसरू नये. सिमेंट वा तेलात हात घालणाऱ्यास आत सुती व वर रबरी हातमोजे, घरकाम करणाऱ्या स्त्रीस लांब दांडीचा ब्रश, माथाडीस पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. याशिवाय कोणतेही घृत टिकणार नाही.

एक रुग्णा

चाळिशीतील एक स्त्री. दोन्ही नडग्या व घोटे येथे सहा वर्षांचे शुष्क इसब. क्लोबेटॅसॉल व सॅलिसिलिक आम्ल यांचे मलम रोज, महिन्याला तीन ट्यूबा. नडगीची त्वचा चकचकीत, शिरा स्पष्ट, पलंगाचा कोपरा लागला तरी निळा डाग. कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिने मलम एकदम सोडले व दहाव्या दिवशी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत लाल, पाझरणारे, झोप नाही अशा स्थितीत ती आली. पोटॅश तपासणीत बुरशी नव्हती. त्वचारोगतज्ज्ञांच्या विचाराने मध्यम तीव्रतेचे मलम पुन्हा सुरू करून वर दिलेल्या क्रमाने सुमारे दोन महिन्यांत उतरवले. स्राव असेपर्यंत पंचवल्कलाच्या पट्ट्या, नंतर शतधौत घृत. पोटात पंचतिक्त घृत व क्वाथ. चौथ्या महिन्यात स्टेरॉईड नव्हते. शरदात मृदु विरेचन दिले. वर्षाअखेरीस निळे डाग पडणे थांबले, त्वचा चिमटीत धरता येऊ लागली, खाज क्वचित राहिली. शिरा आजही दिसतात. पुढच्या थंडीत उजव्या घोट्यावर पुन्हा इसब उठले, ते तूप व पट्ट्यांवर निवळले. मलम उतरवणे व आपली चिकित्सा दोन्ही एकाच वेळी चालल्याने श्रेयाची वाटणी या एका रुग्णेवरून करता येणार नाही.

रुग्णालयात केव्हा पाठवावे

सर्वांग लाल होऊन थंडी वाजणे, ताप, एकसारख्या आकाराचे, मध्यभागी खड्डा असलेले दुखरे फोड एकदम उठणे, जी इसबावर पसरलेली नागीणवर्गीय विषाणूची बाधा असू शकते, डोळ्यांभोवती दीर्घकाळ मलम लावलेल्यास दिसणे अंधुक होणे, आणि मलम थांबवल्यावर पराकाष्ठेचा थकवा, उलट्या, चक्कर व रक्तदाब उतरणे. शेवटचे लक्षण अधिवृक्क ग्रंथी दबल्याचे असू शकते. त्यात विलंब प्राणघातक ठरतो. सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी व त्वरित रुग्णालय, तेथे वैद्याने स्वतःच्या औषधाची वाट पाहू नये. लहान मुलांत हा धोका अधिक. लंगोटाच्या जागी क्लोबेटॅसॉल लावल्याने बाळाचा चेहरा गोल व सुजरा झाल्याच्या, वाढ खुंटल्याच्या नोंदी आपल्या देशातीलही आहेत. लंगोट तेथे पट्टीसारखा काम करून शोषण वाढवतो.

औषधविक्रेत्यांसाठी

केंद्र शासनाने २०१८ साली अनुसूची ‘एच’मध्ये दुरुस्ती करून चौदा स्टेरॉईड द्रव्यांच्या बाह्य मलमांना असलेली सवलत काढून घेतली, ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरात बंदी आलेल्या ३२८ मिश्रणांत स्टेरॉईड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र कोंबलेली काही मलमेही होती. तरी रिकामी ट्यूब दाखवली की नवी मिळते, ही स्थिती आपण रोज पाहतो. दुकानदारास एवढे तरी करता येईल : चिठ्ठीवरील तारीख व दिवस पाहावेत, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध देऊ नये, आणि गिऱ्हाईक त्याच मलमासाठी तिसऱ्यांदा आले तर त्यास वैद्याकडे वा डॉक्टरांकडे पाठवावे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत तीव्र स्टेरॉईड मिसळलेले असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे २००३ साली इसबाच्या मुलांसाठी वापरली जाणारी २४ ‘वनस्पतिजन्य’ मलमे तपासली असता त्यांतील २० मलमांत स्टेरॉईड सापडले, आणि बहुतेकांत ते तीव्र किंवा अतितीव्र होते. त्याआधी १९९९ मध्ये लंडनमध्ये तपासलेल्या अकरा चिनी मलमांपैकी आठांत डेक्सामिथॅसोन होते. आपल्या बाजारातील डब्यांवर संशय घेण्याची खूण सोपी आहे. जे मलम जुन्या इसबाची खाज दोन दिवसांत नाहीशी करते आणि बंद करताच दुप्पट उसळवते, त्यात केवळ वनस्पती नसाव्यात. नियम १६१ अन्वये आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक व त्यांचे प्रमाण, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक व घाणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. ‘गुप्त योग’ किंवा ‘वडिलोपार्जित औषधी’ एवढेच लिहिलेला डबा दुकानात ठेवू नये, चिकित्सालयातूनही देऊ नये. संशयित डबा अर्धा वापरलेला असला तरी फेकून न देता देयकासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत द्यावा. रुग्णाच्या कागदावर त्या डब्याचे नाव, घाणी क्रमांक आणि किती दिवस लावला याची नोंद करावी. पुढे त्याचे मलम उतरवताना त्याला स्टेरॉईडचाच रुग्ण धरून क्रम ठरवावा लागेल.